शिडी नेली कोणत्या साहेबानं?

"पोलिसाचं तोंड नका दाखवू मला. पाठ दाखवा, नाव सांगते."

टेपमावशींचं हे वाक्य सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. फुशारकी होती खरी, पण पोकळ नव्हती. पोलीस ठाण्याच्या अगदी समोर त्यांचं शिलाईचं दुकान. तयार कपडे तेव्हा दुकानाच्या काचेत बघायचे असत. अंगात घालायचे ते शिवूनच. ठाण्यातली झाडून सगळी वर्दी मावशींच्या मशीनखालून गेलेली. कोणाचा डावा खांदा उतरता आहे, कोणाच्या कमरेला लग्न मानवलंय, कोण माप देताना पोट आत ओढतो आणि मग बटणं तुटली की शिंपिणीला बोल लावतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. गळ्यात टेप कायम. झोपतानाही काढत नाहीत, असं लोक म्हणत आणि मावशी ते खोडून काढत नसत.

त्यामुळे नगरपालिकेनं जेव्हा ठरवलं, की पोलिसांच्या कामावर नागरिकांची देखरेख हवी, आणि त्यासाठी समिती नेमली, तेव्हा मावशींचं नाव त्यात आलं याचं आम्हाला मुळीच नवल वाटलं नाही. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक. एकदा बोलायला लागले, की तास संपल्याची घंटा कोणालातरी द्यावी लागे. दुसऱ्या सदस्य दातांच्या डॉक्टरीणबाई. लोकांना तोंड उघडायला लावायची त्यांना सवय, म्हणून त्या. आणि तिसऱ्या टेपमावशी.

लहान मुलीच्या हातात पहिल्यांदा कात्री यावी तशा मावशी हरखल्या होत्या. आता काय कापू नि काय नको! चार दिवस त्या येणाऱ्याजाणाऱ्या शिपायाकडे असं काही बघत, की बिचारे रस्ता बदलून ठाण्यात जायला लागले.

त्यात ठाण्याच्या मोठ्या साहेबांची बढती तोंडावर आलेली. वरच्या कचेरीनं समितीला एवढंच विचारलं होतं, की यांच्याविरुद्ध काही तक्रार आहे का? नसेल तर साहेबांच्या खांद्यावर नवा तारा लागणार होता. असेल तर त्यांचा कागद कपाटात जाणार होता, आणि त्या कपाटातून परत बाहेर आलेला कागद कोणी पाहिला नव्हता. समारंभाची नवी वर्दी अर्थातच मावशींकडे शिवायला होती.

साहेबांना मापाला यायला सवड नसे, आणि मावशींचं त्यावाचून अडतही नसे. कारण मावशींचे यजमान, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, अंगानं थेट साहेब. तीच पाठ, तेच पोट. आवाज तेवढा नव्हता. साहेबांची वर्दी कच्ची शिवून झाली, की मावशी ती काकांच्या अंगावर चढवत, चारी बाजूंनी टाचण्या लावत आणि "हलू नका" म्हणत. काका हलत नसत. इतकी वर्षं हे चाललेलं, की मावशींना वर्दी दिसे, आतला नवरा दिसत नसे.

समितीच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी मावशींची दुपारभर नुसती घाई चालली होती. ठाण्याला लागूनच समितीला एक खोली मिळाली होती, तिच्या दारावर पाटी लागायची होती. समितीचा शिपाई रस्त्यापलीकडून ओरडला, "मावशी, पाटी आली, पण शिडी कुठंय?"

मावशी कापड कापत होत्या. कात्री चालताना त्या मान वर करत नसत. "अहो, ऐकलंत का," त्यांनी घरात हाक दिली, "नळवाल्याची शिडी गल्लीत टेकवलेली असते, तेवढी समितीच्या दाराशी नेऊन द्या. पाटी लागली की परत त्याच्या अंगणात ठेवून या." आणि पुन्हा कापायला लागल्या.

संध्याकाळी बैठक भरली. दारावर पाटी झळकत होती. प्राध्यापकांनी शिपायाला विचारलं, "शिडीची व्यवस्था कोणी केली?"

"पोलिसानं आणून दिली," शिपाई म्हणाला.

मावशींनी मनात म्हटलं, म्हणजे आमच्या माणसाच्या आधी पोलीस पोचले. नेहमीचंच आहे.

"कोणत्या पोलिसानं?"

"ते नाही बघितलं सर. वर्दी दिसली की मी तोंडाकडे बघत नाही. लहानपणापासूनची सवय."

मोठे साहेब पाहुणे म्हणून आलेच होते. प्राध्यापक त्यांच्याकडे वळले. "ज्यांच्यावर देखरेख करायची, त्यांनीच देखरेखीच्या पाटीसाठी शिडी द्यावी! साहेब, मी आपले मनापासून आभार मानतो."

साहेबांना शिडीतलं काही ठाऊक नव्हतं. पण आभार कोण परत करतो? असेल आपल्यापैकीच कोणीतरी नेली, असं समजून ते लवून म्हणाले, "त्यात काय, कर्तव्यच आहे आमचं."

टाळ्या झाल्या. आणि टाळ्या थांबतात न थांबतात तोच दारात एक रंगारी उभा राहिला. केसांत निळा रंग, मिशीत पांढरा आणि चेहरा लालबुंद.

"पोलिसांविरुद्धची तक्रार इथंच घेतात ना?"

तिन्ही सदस्य एकदम उठले. पहिली तक्रार, तीसुद्धा पहिल्याच दिवशी! मावशींनी स्वतः स्टूल पुढं केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसा, बसा. घाबरू नका, मुळीच दुखणार नाही."

"दुखून झालंय," रंगारी म्हणाला. "औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्याला रंग देतोय. आज दुपारी शिडीवरनं खिडकीच्या सज्जावर उतरलो, भिंतीकडे तोंड करून काम करत होतो. मागं खडखड झालं म्हणून बघतो तर एक पोलीस माझी शिडी खांद्यावर टाकून चाललाय."

"तुम्ही हाक मारली नाहीत?"

"हाक? ओ साहेब, ओ साहेब करून घसा बसला माझा. मान तसूभर वळली नाही त्याची. ताठ म्हणजे किती ताठ, कोपरं ही अशी बाहेर, जसा काही रस्ता याच्या वडिलांनी बांधलाय."

"मग खाली उतरलात कसे?"

"औषधवाला जेवला, झोपला, उठला आणि दुकान उघडायला आला तेव्हा. तोवर सज्जावर मी आणि एक कावळा. तोही थोड्या वेळानं कंटाळून गेला."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, म्हणून त्यांनी खोकून घेतलं. प्राध्यापकांचा चेहरा उजळला होता. "सत्तेचा माज तो हाच! नागरिक वर लोंबकळतोय आणि वर्दी खाली डौलात चालली आहे. कसा दिसत होता तो?"

"वरनं काय दिसणार? टोपी आणि पाठ. पाठ मात्र ही एवढी."

"माझ्या ठाण्यात असा उर्मट माणूस नाही," साहेब म्हणाले. त्यांचा कान तांबडा झाला होता.

आता टेपमावशी उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या विषयातला प्रश्न काढला होता. "आहे की नाही ते मी सांगते. उद्या सकाळी सगळ्या ठाण्याला आवारात उभं करा, माझ्याकडे पाठ करून. माणूस शोधून दिला नाही तर या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही."

"मावशी, जरा जपून," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

"डॉक्टर, तुम्हाला दात कळतात. मला पाठी कळतात."

त्या रात्री जेवताना मावशी एवढ्या बोलत होत्या, की काकांना एक शब्द घुसवायला फट मिळाली नाही. आणि काका काही फट शोधत बसणारे नव्हते.

सकाळी अख्खा रस्ता कामधंदा टाकून ठाण्याच्या आवाराबाहेर जमला. प्राध्यापकांनी युक्ती काढली होती. रंगाऱ्यानं वरून पाहिलं होतं ना? मग त्याला वरच चढवायचं, गाड्यांच्या शेडवर, आणि एकेका पोलिसानं शिडी घेऊन खालून चालत जायचं. पण रंगाऱ्याला वर चढवायला आधी शिडी हवी. समितीचा शिपाई पळत जाऊन नळवाल्याकडून घेऊन आला.

रंगाऱ्यानं शिडी बघितली आणि तो किंचाळला, "ही माझीच! ही पायरी बघा, ही निळी. माझ्याच हातून डबा सांडला होता हिच्यावर."

झालं. नळवाल्याला बोलावणं गेलं. तो हातातला पाना घेऊनच आला.

"काल दुपारपासून माझ्या अंगणात दोन शिड्या आहेत, हे खरंय," तो म्हणाला. "एक पोलीस आला, माझ्याकडे पाठ करूनच भिंतीला टेकवून ठेवली, गेला."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"काय विचारणार? सरकारी माणूस घेऊन जातो ते बघितलंय. देऊन जाणारा हा पहिलाच भेटला. म्हटलं, टोकायला नको, सवय मोडेल त्याची."

म्हणजे पोलीसच होता, यात आता शंका उरली नाही. लोकांत कुजबुज वाढली. रंगारी शेडवर चढला आणि चालणं सुरू झालं.

पहिला शिपाई शिडी घेऊन गेला. "हा नाही," मावशी म्हणाल्या, "हा डावीकडे कलतो, त्याला मी तिकडे कापूस भरते." दुसरा गेला. "याची पाठ म्हणजे नुसती फळी, हा नाही." तिसऱ्यानं वळताना शिडीच्या टोकानं प्राध्यापकांची टोपी उडवली. लोक खिदळले. वरून रंगारी प्रत्येक वेळी मान हलवत होता. "छे. तो ऐटीत चालत होता हो. हे सगळे भाजी आणायला निघाल्यासारखे चालतात."

साहेबांना ते लागलं. आपल्या ठाण्यात ऐटच नाही म्हणजे काय? "अरे, वर्दी अंगात असताना असं चालतात का? आण इकडे ती शिडी." त्यांनी शिडी खांद्यावर घेतली, मान ताठ केली, कोपरं बाहेर काढली आणि दाणदाण पावलं टाकत आवार पार केलं.

"हेच!" शेडवरून आवाज आला. "हीच पाठ. शपथ घेऊन सांगतो."

साहेब शिडीसकट वळले, तेव्हा दोन शिपायांना खाली बसावं लागलं.

"काहीतरीच काय! मी काल दुपारी माझ्या खोलीत होतो."

"एकटे?" प्राध्यापकांनी विचारलं.

"जेवल्यावर माणूस जरा डोळे मिटतो तेव्हा एकटाच असतो."

सगळे मावशींकडे बघायला लागले. आणि मावशींच्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. शिपाई नाही, हवालदार नाही, थेट मोठे साहेब! त्यांनी गळ्यातली टेप ओढली, साहेबांच्या पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या मापाची पाठ या ठाण्यात दुसरी नाही. लिहून घ्या."

"आणि काल आम्ही शिडीबद्दल आभार मानले," प्राध्यापक म्हणाले, "ते आपण स्वीकारलेत. 'कर्तव्य' म्हणालात. सगळ्यांनी ऐकलंय."

"मला वाटलं, पोरांपैकी कोणीतरी…" साहेब अडखळले. मोठ्या आवाजाचा तो माणूस, पण त्या क्षणी शाळेत गृहपाठ विसरलेल्या मुलासारखा दिसत होता. प्राध्यापक समितीच्या खोलीकडे निघाले. तक्रार खरी ठरली, एवढंच वर कळवायचं होतं. साहेब मावशींच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मावशी, परवा समारंभ आहे. आई येणार आहे बघायला. या वयात गाडीत बसून येणार आहे."

मावशींना ते कुठंतरी टोचलं. पण पाठ ती पाठ.

इतक्यात कोणीतरी शिडी परत शेडला लावली, रंगारी खाली उतरला आणि साहेबांच्या मागं जाऊन उभा राहिला. "एक मात्र कळलं नाही," तो डोकं खाजवत म्हणाला. "काल ती पांढरी रेघ होती, ती कुठं गेली?"

"कसली रेघ?" मावशींनी विचारलं.

"पाठीवर. मानेपासून सरळ खाली. तुटक तुटक. आणि दोन्ही खांद्यांवरसुद्धा."

"चुना लागला असेल भिंतीचा," दारातून प्राध्यापक म्हणाले.

"कावळा तिथंच होता," डॉक्टरीणबाईंनी सुचवलं.

मावशींनी ती रेघ साहेबांच्या पाठीवर बोटानं ओढून पाहिली. मानेपासून खाली, तुटक, पांढरी. तो कच्चा टाका होता. पक्की शिलाई झाली की आपण काढून टाकतो तो. आणि जगात कच्च्या टाक्याची एकच वर्दी होती, ती रस्त्यापलीकडे त्यांच्या दुकानात.

"आलेच," एवढं म्हणून त्या जवळजवळ धावतच रस्ता ओलांडून गेल्या.

काका दुकानात बसून बटणं निवडत होते.

"अहो, काल शिडी तुम्ही नेलीत?"

"नेली की. तूच सांगितलंस."

"कुठून?"

"गल्लीत टेकवलेली होती. औषधांच्या दुकानापाशी. नंतर नळवाल्याच्या अंगणात ठेवून आलो. तेही तूच सांगितलंस."

"आणि अंगात काय होतं तुमच्या?"

काकांनी आश्चर्यानं बघितलं. "वर्दी. टाचण्या लावून तू म्हणालीस, काढू नका, सगळं माप सरकेल. टोपीसकट होती. मग शिडी न्या म्हणालीस. नेली. कसला त्रास झाला सांगू, एक टाचणी मानेत, दोन काखेत. वळता येईना, वाकता येईना."

"अहो, वर एक माणूस बोंबलत होता, ऐकू नाही आलं?"

"आलं ना. पण तो 'ओ साहेब, ओ साहेब' म्हणत होता." काकांनी एक बटण डबीत टाकलं. "मी कुठला साहेब?"

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. बाहेर लोकांचा आवाज येत होता. गप्प बसलं तर? पाठ सापडली, शब्द राहिला, समितीतली जागा राहिली. रंगाऱ्याची शिडीसुद्धा मिळाली. कोणाला कळणार होतं?

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. साहेबांची बढती अडकली."

"का? चांगला माणूस आहे की."

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. मग उठून खुंटीवरची वर्दी काढली. "चढवा," त्या म्हणाल्या. "आणि टाचण्या टोचल्या तर आता कुरकुर करू नका."

काका ठाण्याच्या आवारात शिरले, तसा लोकांतून जो हशा फुटला, तो मला आजही ऐकू येतो. मान ताठ, कोपरं बाहेर, पाठीवर कच्च्या टाक्याची पांढरी रेघ आणि पुढं टेपमावशी, शेळी ओढून आणावी तशा त्यांचा हात धरून. रंगाऱ्याला शेडवर चढायची गरजच पडली नाही.

"हा तो! हीच ऐट!"

"ऐट कसली, टाचण्या आहेत," काका म्हणाले.

मावशींनी सगळं सांगून टाकलं. कापड कापताना मान वर न केल्यापासून ते आत्ता दुकानात मनात आलेल्या विचारापर्यंत, काही लपवलं नाही. साहेब आधी ऐकत राहिले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग ते भिंतीला टेकून हसले. त्यांच्याविरुद्धचा कागद प्राध्यापकांनी खिशात घातला. पण नवाच पेच पडला.

"आपली समिती पोलिसांवर देखरेख करते," प्राध्यापक म्हणाले. "हा इसम पोलीस नाही."

"समितीच्या सदस्याचा नवरा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि समितीच्या सदस्याच्या हुकमावरून, समितीच्याच पाटीसाठी…"

"मग माझ्याविरुद्ध लिहा," मावशी म्हणाल्या. टेप गळ्यातून काढून त्यांनी हातात घेतली, जणू काही बिल्लाच उतरवला. "दुसऱ्याच्या चुका शोधायला बसले होते, आता माझी आहे तर मी कशी सुटेन? रंगारीदादा, बोला तुम्ही. भिऊ नका. तक्रार माझ्यावर."

रंगाऱ्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "राहू द्या, मावशी."

"राहू द्या काय? काल तर ओरडत होतात."

"काल पोलीस होता, म्हणून." त्यानं आवाज खाली आणला. "पोलीस असता तर सोडला नसता. पण माझी पँट तुमच्याकडे आहे ना, घेर वाढवायला दिलेली. आणि बायकोचे दोन ब्लाउज आहेत. तिला कळलं, की मी तुमच्याविरुद्ध गेलो, तर सज्जावर परत जावं लागेल मला."

"असं कसं?" मावशी चिडल्या. "सर, तुम्ही तरी बोला."

प्राध्यापक चष्मा पुसायला लागले. त्यांचा कोट उन्हाळ्यापासून मावशींकडे होता. डॉक्टरीणबाईंना एकदम दवाखाना आठवला. नळवाला तर कधीच पसार झाला होता.

"म्हणजे मला जाब विचारणारं या रस्त्यावर कोणीच नाही?"

लोक हळूहळू पांगले. काका मान न वळवता दुकानाकडे चालू लागले. शेवटी साहेब तेवढे उरले. तक्रार निकालात निघाली होती, तारा नक्की झाला होता, सगळं ठाणं त्यांच्या हाताखाली होतं. तरी ते दोनदा घसा साफ करून, अगदी अदबीनं जवळ आले.

"मावशी, झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही. पण ती वर्दी… परवापर्यंत होईल ना?"

मावशींनी टेप पुन्हा गळ्यात अडकवली. जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं, "बघते."

"हो, हो, बघा, काही घाई नाही," असं म्हणत साहेब पाऊल न वाजवता आत गेले.